एक श्वास माझ्यासाठी

आमच्या घरासमोर एक सिस्टर राहतात. सिस्टर म्हणजे दवाखान्यातल्या. पण गल्लीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात, त्यांचे सासरेसुद्धा. रात्रपाळी असली की सकाळी साडेआठच्या सुमारास त्यांची स्कूटी येते. मी त्या वेळी तुळशीला पाणी घालत असते, म्हणून दिसतं. गेल्या पावसाळ्यापासून मी बघत होते, की स्कूटी पत्र्याखाली लावली तरी बाई लगेच घरात जात नाहीत. हेल्मेट काढून हँडलला अडकवतात, तशाच सीटवर बसून राहतात, डोळे मिटलेले आणि उजवा हात छातीवर. दोन-तीन मिनिटं. मग उठून कुलूप काढल्यासारखा एक श्वास सोडतात आणि आत जातात.

मला वाटलं, अॅसिडिटी. रात्रभर चहावर चहा आणि पोटात काही नाही, दुसरं काय होणार? एक दिवस मी जिऱ्याचं पाणी करून पेल्यात घेऊन गेले. "छातीत जळजळतंय काय ओ सिस्टर?" म्हणून विचारलं. त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "नाही ओ वैनी. अॅसिडिटी नाही. आमच्या हॉस्पिटलात बेंगळुरूहून एक बाई आल्या होत्या, त्यांनी शिकवलंय. घरात शिरायच्या आधी स्वतःला विचारायचं, बाई गं, तू कशी आहेस?"

आणि जिऱ्याचं पाणीही प्यायल्या. रात्री एक पेशंट गेला होता, एकवीस वर्षांचा मुलगा. घरात अंथरुणाला खिळलेले सासरे होते, मुलांचे डबे व्हायचे होते. या दोन्हींच्या मधली ती दोन-तीन मिनिटं होती.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. त्यातच खानापूर तालुक्यातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं. पक्षाघाताच्या पेशंटचा आहार कसा असावा, यावर मी मागे या सदरात लिहिलं होतं, त्यावर. त्यांनी लिहिलंय, "तुम्ही पेज किती पातळ असावी ते लिहिलंत, फार उपयोग झाला. पण भरवणारीनं कधी जेवायचं ते नाही लिहिलंत." वाचून मी चरकले. कारण खरंच नाही लिहिलं. आणि मी तर पाच वर्षं भरवणारीच होते.

आपल्याकडे या माणसाला धड नावही नाही. 'काळजीवाहू' म्हटलं की आपल्याला आठवतं ते निवडणुकीच्या आधीचं सरकार. पण मराठीनं एक गोष्ट मात्र नेमकी पकडली आहे. काळजी 'घेणं' आणि काळजी 'करणं', दोन्हीला शब्द एकच. आजारी माणसाजवळ बसणारी बाई दोन्ही एकाच वेळी करत असते. हाताने पाय चेपत असते आणि मनात सोडियम पुन्हा उतरलं तर काय, या विचाराने कातावत असते. घेण्याने हात दुखतात. करण्याने माणूस पोखरतो.

सिस्टर जे करतात त्याला इंग्रजीत 'सेल्फ-कम्पॅशन' म्हणतात. मराठीत 'आत्मकरुणा' असा शब्द करता येईल, पण तो परीक्षेच्या पेपरात शोभेल. 'स्वतःची दया' म्हटलं तर लोकांना 'स्वतःची कीव' ऐकू येईल, आणि ती तर अगदी उलटी गोष्ट आहे. कीव करणारा म्हणतो, माझ्याच नशिबी हे का. मला 'माया' हा शब्द बरा वाटतो. स्वतःवर माया करणं. दुसऱ्याच्या लेकरावर करतो तेवढी तरी.

यावर शास्त्रीय पद्धतीने काम सुरू झाल्याला वीसेक वर्षं झाली. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिनला, क्रिस्टिन नेफ नावाच्या प्राध्यापिका आहेत. त्यांनी २००३ साली या विषयावर दोन निबंध प्रसिद्ध केले आणि माणूस स्वतःशी किती मायेने वागतो हे मोजायची एक प्रश्नावलीही तयार केली. त्यांनी या मायेचे तीन पदर सांगितले आहेत. त्रास होतोय हे आधी कबूल करणं, ना झाकून ना फुगवून. हा त्रास माझ्या एकटीचा नाही, माणूस म्हणून जन्माला आलेल्या कुणालाही होतो, हे आठवणं. आणि अशा वेळी स्वतःशी चार बरे शब्द बोलणं. यातला मधला पदर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण कीव आणि माया यांतला फरक तिथेच आहे.

नेफबाईंना हे नुसतं पुस्तकात सुचलेलं नाही. त्यांचा मुलगा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. इंग्लंडला जाणाऱ्या विमानात एकदा त्याने आकांत मांडला. सगळं विमान बघतंय, बाईला मुलाला आवरता येत नाही. त्याला घेऊन त्या मागे शौचालयाकडे गेल्या, तर तेही बंद, आत कुणीतरी. त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि, मुलावर लक्ष ठेवूनच, मनातल्या मनात स्वतःला धीर देऊ लागल्या. किती कठीण आहे गं हे तुला, असं. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहिला आहे. मला तो आवडतो, कारण त्यात चटई नाही, उदबत्ती नाही, डोळे मिटून बसायला सवड नाही. आजारपण असलेल्या घरात तरी कुठे असते?

पुढे ख्रिस्तोफर गर्मर या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर त्यांनी २०१० साली आठ आठवड्यांचं शिबिर बेतलं. पण नर्स, डॉक्टर यांना आठवड्याला अडीच-तीन तास कुठून मिळायचे? म्हणून दवाखान्यातल्या लोकांसाठी वेगळा छोटा अभ्यासक्रम केला, आठवड्याला एक तास, असे सहा आठवडे. यात घरी बसून ध्यान करा असा आग्रहच नाही. ड्युटीवर, हात धुता धुता, बेडपाशी उभं असतानाच करायच्या गोष्टी. ऑस्टिनच्या मुलांच्या हॉस्पिटलात तो शिकवून पाहिला आणि २०२० साली निष्कर्ष छापले. शिकलेल्यांची स्वतःबद्दलची माया वाढली, आणि पेशंटच्या दुःखाचा स्वतःवर होणारा आघात, कामाचा उबग, हे कमी झाले. अभ्यास लहान आहे, तेव्हा त्यावरून लगेच ढोल बडवायला नको. पण आमच्या सिस्टर मुळात शंकेखोर. त्या म्हणतात, "मला तर लागू पडलं वैनी, पॅरासिटामॉलसारखं. ताप उतरतो, रोग जात नाही."

आता कुणी म्हणेल, हे काय अमेरिकेनं सांगायचं? मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा ही चार नावं पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्याच पादात आहेत. बौद्ध परंपरेत त्यांनाच ब्रह्मविहार म्हणतात. पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग' ग्रंथात तर स्पष्ट सांगितलंय की मैत्रीभावनेची सुरुवात स्वतःपासून करावी, कारण मला सुख हवं आहे हे ओळखलं की दुसऱ्यालाही ते हवं असणार हे कळतं. इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आलेल्यांना दहाव्या दिवशीची मंगल मैत्री आठवत असेल. म्हणजे बी आपल्याच मातीतलं. हळदीचं झालं तसंच, जिच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेनं १९९५ साली पेटंट दिलं आणि १९९७ साली ते रद्द करावं लागलं.

पण मी या बाबतीत फार छाती फुगवणार नाही. बी आपलं असलं तरी आपण आपल्या घरात पेरलं भलतंच. आपल्याकडे सेवा करणाऱ्या बाईची सगळ्यात मोठी स्तुती काय? 'चंदनासारखी झिजली.' एकसष्टीच्या भाषणात हेच, आणि श्रद्धांजलीच्या जाहिरातीतही हेच. खोडाला विचारतं कोण? माझं लग्न झालं तेव्हा आमच्या घरात एक काकू होत्या, अठरा वर्षं दिराचं सगळं केलं त्यांनी. सगळे त्यांचं कौतुक करायचे आणि एकानेही कधी त्यांना आठ दिवस माहेरी जा म्हटलं नाही. कौतुक स्वस्त पडतं.

आता जे सांगायचं टाळत आले ते सांगते. माझ्या सासूबाईंना २०११ साली पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द राहिला, 'नको'. भूक लागली तरी नको, पाणी हवं तरी नको, मी समोर दिसले की हसून नको. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांना म्हणायचं असतं वेगळं, तोंडातून तेच येतं. मला हे समजलं होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर, तीन वेळा भरवणं, रात्री दहाच्या गोळ्या कुटून मधातून. मिस्टर बँकेत, दीर पुण्याला. पाठीला एक जखम होऊ दिली नाही मी पाच वर्षांत. हे सांगायला मला अजून आवडतं.

दुसरं सांगायला आवडत नाही. २०१३ च्या डिसेंबरात, रात्री दहाच्या गोळ्या. त्यांनी तीन वेळा थुंकून टाकलं. नको, नको, नको. चौथ्या वेळेला मी त्यांची हनुवटी धरली. घट्ट धरली. तोंड उघडेपर्यंत सोडली नाही. गोळ्या गेल्या पोटात. सकाळी तोंड पुसताना गालावर माझ्या बोटांचे निळे डाग दिसले. मिस्टरांनी विचारलं तर मी म्हटलं, औषधाची रिअॅक्शन असेल. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं.

त्यानंतर मी स्वतःला किती बोलले असेन! तुझ्यासारखी राक्षसीण नाही. म्हाताऱ्या, मुक्या माणसावर जोर. वाटलं होतं, इतकं बोलल्यावर तरी सुधारेन. झालं उलटंच. त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडाकडे बघेनाशी झाले. भरवायचं ते चमच्याकडे बघून, पुसायचं ते टॉवेलकडे बघून. काम एकही चुकलं नाही. पण त्या मी समोर आल्यावर हसून नको म्हणायच्या, ते हसणं मला लाज वाटून बघवेना. जवळजवळ वर्षभर. २०१६ ला त्या गेल्या. ते वर्ष मला परत कुणी देणार नाही.

हे मी पहिल्यांदा सांगितलं ते सिस्टरांना, गेल्या दिवाळीत, चकल्या तळताना. त्यांनी झारा खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "वैनी, हे तुमच्या बहिणीनं येऊन सांगितलं असतं तर तुम्ही तिला काय म्हणाला असता?" मी म्हटलं, "म्हटलं असतं की चुकलंच तुझं. पण तू तीन वर्षं सलग झोपली नाहीस गं." आणि मग मला कढईसमोर रडू आलं.

स्वतःवर माया करणं म्हणजे चुकीवर पांघरूण घालणं, असं अनेकांना वाटतं, मलाही वाटायचं. पण पांघरूण तर मी आधीच घातलं होतं, 'रिअॅक्शन' म्हणून. ज्याला स्वतःच्याच शिव्यांची भीती असते तो चूक लपवतो. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं की आधी स्वतःच्या पाठीवरून हात फिरव, तर कदाचित सकाळी मिस्टरांना खरं सांगितलं असतं, आणि रात्रीच्या गोळ्यांचं काम त्यांनी घेतलं असतं. म्हणजे सासूबाईंनाही सुटका मिळाली असती.

दवाखान्यातही हेच होतं म्हणतात. रोज दुःख बघून नर्स किंवा डॉक्टर कोरडे का होतात? १९९० च्या दशकापासून याला 'कम्पॅशन फटीग', करुणेचा थकवा, म्हणायची पद्धत पडली. पण जर्मनीत तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधक बाईंनी त्यावर वेगळं सांगितलं. मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि पुढे बौद्ध भिक्खू झालेले माथ्यू रिकार यांना मेंदूच्या स्कॅनच्या यंत्रात ठेवून त्यांनी सांगितलं, दुसऱ्याची वेदना फक्त आपली म्हणून भोगत राहा. इतकी वर्षं ध्यान केलेला माणूस, पण थोड्या वेळात गळून गेला. मग त्यांनी करुणेचं ध्यान सुरू केलं आणि ते सावरले. मेंदूतली चित्रंही दोन्ही वेळी वेगळी होती. मग इतर लोकांना शिकवून पाहिलं, तिथेही तसंच दिसलं. म्हणजे थकवते ती करुणा नव्हे. दुसऱ्याच्या दुःखात बुडून जाणं थकवतं. आपल्याकडे म्हण नाही, पण नदीकाठच्या कुणालाही हे ठाऊक असतं, की बुडणाऱ्याला काढायचं तर आपला एक पाय टेकलेला पाहिजे.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. सिस्टरांनी मला शिकवलं तसं सांगते, माझ्या शब्दांत.

पहिली गोष्ट हाताची. तळहात छातीवर ठेवा, किंवा एक छातीवर आणि एक पोटावर. काहींना गालावर बरं वाटतं, काहींना एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरलेलं. हे पोरकट वाटेल. पण २०२१ साली जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा वीस सेकंद हात ठेवलेल्या लोकांच्या लाळेत ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, इतरांपेक्षा कमी आढळलं. गंमत अशी, की त्यांना विचारलं तेव्हा ताण कमी वाटल्याचं त्यांनी सांगितलं नाही. म्हणजे मनाला पटायच्या आधी अंगाला कळतं. रडणाऱ्या पोराला आपण आधी थोपटतो, मग समजावतो, तसंच.

हात ठेवल्यावर तीन वाक्यं. पुस्तकी नकोत, आपल्या रोजच्या बोलीतली. सिस्टरांची अशी आहेत: 'आज लई जड झालंय.' 'आमच्या वॉर्डातल्या सगळ्यांनाच होतंय.' 'असू दे बाई, दमलीस.' मराठीत एक 'असू दे' म्हणण्यात जे आहे ते तीन पानी व्याख्यानात नाही. तुमची वाक्यं तुम्ही शोधा. सुचत नसेल तर तुमची आई किंवा आजी तुम्हाला ताप आल्यावर काय म्हणायची ते आठवा. तेच म्हणा.

दुसरी गोष्ट श्वासाची, आणि माझ्या मते आजाऱ्याजवळ बसणाऱ्यांसाठी हीच खरी. श्वास आत घेताना मनात म्हणायचं, हा माझ्यासाठी. सोडताना म्हणायचं, हा यांच्यासाठी. बस्स. एक माझ्यासाठी, एक तुमच्यासाठी. खूप दमला असाल तर दोन-तीन स्वतःसाठीच घ्या, पेशंटला कळत नाही आणि त्याचं काही कमीही होत नाही. पेज भरवताना दोन घासांच्या मध्ये घास गिळायची वाट बघावी लागते ना, तेवढी सवड याला पुरते. घाई करून भरवलं तर ठसका लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. या श्वासामुळे भरवणंही सावकाश होतं.

तिसरी गोष्ट वर आलेल्या चौथ्या शब्दाची, उपेक्षेची. आज आपण उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष समजतो. मूळ अर्थ तो नाही. जवळ उभं राहून, तोल न जाऊ देता बघणं, असा आहे. आजाऱ्यापाशी बसून मनात एवढं म्हणायचं: यांचं आयुष्य यांचं आहे. हे दुखणं मी आणलेलं नाही, आणि मनात आणलं म्हणून मला ते पुसूनही टाकता येणार नाही. मला जमेल तेवढं मी करते आहे. मला हे म्हणताना सुरुवातीला अपराधी वाटलं. जणू मी हात वर करते आहे. पण सासूबाईंची वाचा परत येईना, हे आपल्याच सेवेत कमी पडल्यासारखं मी पाच वर्षं अंगावर घेतलं होतं, ते चूकच होतं की.

एक धोका आधी सांगून ठेवते. पहिल्या काही दिवसांत काहींना बरं वाटण्याऐवजी भडभडून येतं, जुनं सगळं वर येतं. बंद खोलीत धुमसणाऱ्या आगीला दार उघडल्यावर हवा मिळते आणि भडका उडतो, तसं. या शिबिरांतही त्याला अग्निशमन दलाच्याच भाषेतला शब्द वापरतात. त्यात आपलं काही बिघडलंय असं समजू नये. अशा वेळी डोळे उघडावेत, पायाचे तळवे जमिनीला टेकलेत हे जाणवून घ्यावं, चहा टाकावा, भांडी घासावीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. पण झोप उडालीच असेल, आठवडे जाऊनही मन वर येत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर हात छातीवर ठेवून बसू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेलिमानस नावाची फोनसेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, आणि बऱ्याच भारतीय भाषांत बोलता येतं.

आता थोडं कडू. ध्यानाने दुसरी बाई कामाला येत नाही. वॉर्डात पन्नास पेशंटना दोन सिस्टर ठेवायच्या आणि त्या दमल्या की ध्यानाचा तास लावायचा, याला माया म्हणत नाहीत. आशाताईंचंच बघा. २००५ सालापासून गावोगाव त्या आहेत, २०२० च्या कोरोनात दारोदार त्याच फिरल्या, २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. आणि मानधनासाठी त्यांना रस्त्यावर बसावं लागतं. त्यांना कुणी 'स्वतःवर माया करा' म्हणून पत्रक वाटलं तर त्यांनी ते वळून शेंगदाण्याला वापरावं.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग यांचं नाव आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, त्या मूळच्या इथून जवळच्याच, उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरच्या. १९७३ साली त्यांच्यावर हल्ला झाला आणि २०१५ साली त्या गेल्या. बेचाळीस वर्षं तिथल्या नर्सनी त्यांना सांभाळलं, पाठीला जखम होऊ दिली नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्या सेवेचा गौरव केला. आपण हे भक्तिभावाने सांगतो, सांगावंच. पण मला त्यातली एक साधी गोष्ट दिसते. ते बेचाळीस वर्षं पाळ्यांनी झालं. सकाळची गेली, दुपारची आली. एक निवृत्त झाली, नवी आली. जे एका आख्ख्या रुग्णालयाने वाटून घेतलं ते आपल्या घरात एका सुनेने किंवा एका मुलीने एकटीने करावं, अशी आपली अपेक्षा असते. आणि वर तिने हसतमुख राहावं.

जागतिक वैद्यकीय संघटनेच्या डॉक्टरांच्या शपथेत २०१७ साली एक नवं कलम आलं, की चांगली सेवा देता यावी म्हणून मी स्वतःच्याही प्रकृतीकडे लक्ष देईन. शपथ १९४८ ची. डॉक्टरांनाही हे सुचायला एकोणसत्तर वर्षं लागली, तेव्हा आपल्याला उशीर झाला तर फार लाजायला नको. पण घरात हे कलम घालायचं कुणी? तर वाचकहो, घरातल्या इतरांनी. पेशंटला भेटायला जाता तेव्हा नारळपाणी आणि सफरचंदं नेता, ती पेशंट खातच नाही, शुगर असते. त्यापेक्षा दोन तास बसा आणि तिला म्हणा, जा, देवळात जा, पार्लरला जा, नाहीतर आतल्या खोलीत जाऊन झोप. पुण्याच्या दिरांनी महिन्यातला एक शनिवार-रविवार वाटून घ्यावा. आमच्या दिरांनी नाही घेतला. मीही कधी मागितला नाही, हे आता कळतं. मागणं हीसुद्धा त्याच मायेतली गोष्ट आहे, आणि मला विचाराल तर छातीवर हात ठेवण्यापेक्षा जास्त अवघड.

खानापूरच्या भगिनींना मी पत्राने हे सगळं कळवलं होतं. परवा त्यांचा फोन आला. श्वासाचं जमतंय म्हणाल्या, वाक्यांचं नाही जमत, हसू येतं. मग त्यांनी स्वतःच एक तोड काढली आहे. नवऱ्याला भरवायच्या आधी वाटीभर पेज स्वतः पितात, गरम असताना, मीठ-तूप घालून. "आधी मी, मग ते. पहिले चार दिवस घशाखाली उतरेना," म्हणाल्या. "आता उतरते."

सिस्टरांची या महिन्यापासून दिवसपाळी आहे. संध्याकाळी येतात, तेव्हा मी स्वयंपाकघरात असते, त्यामुळे दिसत नाहीत. काल वाण्याकडे भेटल्या तेव्हा विचारलं, बसता का अजून स्कूटीवर? म्हणाल्या, "काल नाही बसले वैनी. सासऱ्यांनी खिडकीतून बघितलं, आणि सुनेच्या छातीत दुखतंय म्हणून ह्यांना ऑफिसात फोन लावला."